रिक्रूटिंगमध्ये पहिल्या पंचविसात, मैदानावर 5-7: पोर्टलच्या काळात आपल्या विद्यापीठाची टीम कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठातून एमएस केलेले आणि बरीच वर्षं तिथल्या अमेरिकन फुटबॉलचं सीझन तिकीट घेणारे एक मराठी गृहस्थ विचारतात: आमचा रिक्रूटिंग क्लास, म्हणजे हायस्कूलमधून निवडलेला नवा गट, दरवर्षी देशात पहिल्या पंचविसात असतो, तरी सीझन 5-7 वर (5 विजय, 7 पराभव) संपतो. यंदा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, गेला, त्याच्यामागे वीसेक जण गेले आणि जवळपास तितकेच नवे आले. बायआउट (मुदतीआधी काढल्यास द्यावी लागणारी रक्कम) अवाढव्य असल्याने कोचला काढता येत नाही, आणि देणगी मागणारे ईमेल मात्र थांबत नाहीत. हायस्कूलमधून मुलं आणण्याला आता अर्थ उरला आहे का, आणि मी पैसे द्यावेत का?

तुमचा राग मला पटतो. पण तुम्ही ज्या आकड्यावर भरवसा ठेवला आहे तो अर्धाच आहे. क्लासचं रँकिंग कोण आलं ते सांगतं. कोण टिकलं याचं रँकिंग कुठे छापून येत नाही, आणि नोव्हेंबरमधले सामने टिकलेल्यांच्या जोरावर जिंकले जातात. टीम बांधली जातेय की दरवर्षी नुसती भरली जातेय, हा खरा प्रश्न आहे. तो बाहेर बसूनही तपासता येतो. मी रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) आखणीच्या बाजूने हे काम करत आलो आहे, त्यामुळे आम्ही आत बसून जे पाहतो तेच इथे सांगतो.

आधी एक मान्य करतो: उत्तर बऱ्याच अंशी परिस्थितीवर ठरतं. बिग टेन किंवा एसईसी या मोठ्या कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विद्यापीठाचं गणित आणि मिड-अमेरिकन या छोट्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठाचं गणित एक नाही. छोट्या कॉन्फरन्समध्ये तुमचा सर्वोत्तम खेळाडू दरवर्षी कोणीतरी उचलणार, हे धरूनच चालावं लागतं. कोच पहिल्या वर्षात आहे की पाचव्या, यानेही फरक पडतो. पहिल्या वर्षी तीस जण गेले तर ती बहुधा साफसफाई असते. चौथ्या वर्षी तेवढेच गेले तर आत काहीतरी बिघडलं आहे.

पोर्टल कसं चालतं ते नीट कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. रणजी खेळाडूला संघटना बदलायची तर जुन्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. एप्रिल 2025 मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ते मागितलं आणि पुढच्याच महिन्यात विनंती मागे घेतली, हे तुम्ही वाचलं असेल. कॉलेज फुटबॉलमध्येही पूर्वी असंच होतं. जुना कोच परवानगी अडवून ठेवू शकत असे. 15 ऑक्टोबर 2018 ला पोर्टल सुरू झालं आणि परवानगीच्या जागी नुसती सूचना आली. खेळाडूने लेखी कळवलं की विद्यापीठाला कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलमध्ये टाकावं लागतं आणि मग कोणीही त्याच्याशी बोलू शकतं. तरी तेव्हा एक लगाम होता: बदली केली की एक वर्ष बाहेर बसायचं. एप्रिल 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरता तो सुटला. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने मनाई हुकूम दिला, आणि एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियमच बदलला. अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर आता कितीही वेळा बदली करा, लगेच खेळा. मधल्या काळात, 1 जुलै 2021 पासून, नाव आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा मिळाली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि प्रत्येक खेळाडू दर जानेवारीत मोकळा झाला. आयपीएलमध्येसुद्धा फ्रँचायझीला रिटेन्शनचा हक्क असतो; इथे तो नाही.

आता तारखा पाहा, कारण बरीचशी चिडचिड तारखांमुळे होते. हायस्कूलच्या मुलांच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात. पोर्टलची खिडकी 2026 मध्ये एकच होती, 2 ते 16 जानेवारी. एप्रिलमधली दुसरी खिडकी बंद केली आहे. म्हणजे वीस मुलांना जागा देऊन झाल्यावर कोचला कळतं की डावा टॅकल (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमधला महत्त्वाचा खेळाडू) चालला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या टीमची नावं धडाधड पोर्टलमध्ये दिसतात आणि फोरमवर आकांत सुरू होतो. तो आठवडा सोडून द्या. 16 जानेवारी ही नाव टाकण्याची शेवटची तारीख होती, नवं विद्यापीठ निवडण्याची नव्हे. खरा हिशोब महिन्याच्या शेवटी, वर्गात नाव नोंदवण्याची मुदत संपली की करायचा. त्या मुदतीत जो दाखल झाला नाही तो स्प्रिंग प्रॅक्टिसला नाही, आणि स्प्रिंग प्रॅक्टिस हुकलेला क्वार्टरबॅक सप्टेंबरमध्ये निम्मंच प्लेबुक घेऊन उभा राहतो.

इथे एक अडचण प्रेक्षकांना कधीच दिसत नाही, ती म्हणजे क्रेडिट. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला 60 आणि पाचव्याला 80. जुन्या विद्यापीठातली क्रेडिट्स नव्या पदवीत बसली नाहीत तर हा टक्का घसरतो आणि मुलगा अपात्र ठरतो. म्हणून काही बदल्या अमुक एका विषयातच प्रवेश घेऊन होतात आणि काही अगदी शेवटी फसतात. 'कोचने त्याला सोडलं' असं जे म्हटलं जातं, त्यामागे पुष्कळदा रजिस्ट्रारचं ट्रान्सस्क्रिप्ट असतं. शिवाय नाव टाकणाऱ्याची स्कॉलरशिप चालू सत्र संपल्यावर थांबवायची मोकळीक जुन्या विद्यापीठाला असते. परत घेणं त्यांच्या मर्जीवर. दरवर्षी पोर्टलमध्ये गेलेली कित्येक मुलं कुठेच पोहोचत नाहीत. तुमच्या टीममधून गेलेल्या वीसांपैकी निदान काहींना तरी 'तुला इथे खेळायला मिळणार नाही' असं स्पष्ट सांगून पाठवलेलं असणार. तेव्हा सगळ्यांना पळपुटे म्हणू नका.

आता कागद घ्या. विद्यापीठाच्या साइटवरचं रोस्टर उघडा. जुलै 2025 पासून फुटबॉलला 85 स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही, त्याऐवजी 105 जणांची रोस्टर मर्यादा आली. खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या हाउस खटल्यातल्या समझोत्यात सहभागी झालेल्या सगळ्या विद्यापीठांना ती लागू आहे. त्या 105 ची माझी ढोबळ वाटणी अशी: क्वार्टरबॅक 5, रनिंग बॅक 6, रिसीव्हर 12, टाइट एंड 6, ऑफेन्सिव्ह लाइन 17, डिफेन्सिव्ह लाइन 17, लाइनबॅकर 12, डिफेन्सिव्ह बॅक 18, किकर-पंटर-स्नॅपर मिळून 5. उरलेल्या 7 जागा कोचच्या पद्धतीप्रमाणे इकडेतिकडे जातात. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: कितवं वर्ष, हायस्कूलमधून आला की बदलीने, आणि मागच्या सीझनमध्ये किती सामन्यांत सुरुवातीपासून खेळला.

मग तीन वर्षांपूर्वीचा क्लास काढा. त्या वर्षी सही केलेल्या वीस-बावीस जणांपैकी आज किती उरलेत ते मोजा. बारा किंवा जास्त उरले असतील आणि त्यातले निम्मे डेप्थ चार्टच्या (प्रत्येक जागेसाठी खेळाडूंचा पसंतीक्रम) पहिल्या दोन ओळींत असतील, तर रिक्रूटिंग काम करतंय, मग निकाल काहीही असो. सहा-सातच उरले असतील, तर ते पंचविसाव्या क्रमांकाचं रँकिंग केव्हाच वाया गेलं आहे. तुम्ही वर्णन केलेली टीम मला दुसऱ्या प्रकारची वाटते.

त्यानंतर थेट ऑफेन्सिव्ह लाइनकडे, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांकडे (दोन टॅकल, दोन गार्ड, एक सेंटर), या. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवतो, आणि चाहते सगळ्यात कमी. सतरा वर्षांचा लाइनमन साधारण 270 पौंडांचा, म्हणजे 122 किलोंचा येतो. बिग टेनमध्ये टिकायला त्याला 305 च्या पुढे, सुमारे 138 किलोंवर जावं लागतं, तेही पायांची चपळाई न घालवता. जेवण, वजनं उचलणं आणि झोप मिळून याला दोन ते तीन वर्षं लागतात. घाईने चढवलेलं वजन गुडघ्यावर बसतं. म्हणून लाइन पोर्टलमधून उभी करणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाचं. चांगला, तयार टॅकल कोणीही सहजासहजी सोडत नाही, तो ठेवण्यासाठीच आधी पैसे बाजूला काढलेले असतात. बाजारात येतात ते बहुतेक एकतर छोट्या कॉन्फरन्समधले, ज्यांनी तुमच्या लीगमधल्या एज रशरचा (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) वेग पाहिलेला नाही, नाहीतर जागा गमावलेले. शिवाय पाच जणांनी एकमेकांच्या हालचाली न बोलता ओळखाव्या लागतात. स्टंट आला, म्हणजे बचावपटूंनी धावून येताना आपसात वाटा बदलल्या, तेव्हा गार्डने कोणाला सोडायचं आणि सेंटरने कोणाला धरायचं, हे एका स्प्रिंगमध्ये येत नाही. तुमच्या यादीत सुरुवातीच्या पाचपैकी चार जण यंदाच बदलीने आले असतील तर पहिल्या महिन्यात क्वार्टरबॅक पाठीवर पडलेला दिसणार. मग तोच क्वार्टरबॅक जानेवारीत निघून जातो आणि आपण त्याच्या निष्ठेवर बोलत बसतो.

प्रत्यक्ष उदाहरणं घेऊ. टेक्सास ए अँड एमचा 2022 चा क्लास देशात पहिला होता. त्याच वर्षी टीम 5-7 झाली, आणि पुढच्या काळात त्या क्लासमधले बरेच जण पांगले. उलट ओहायो स्टेटने जानेवारी 2025 मध्ये नोत्र दामला 34-23 हरवून विजेतेपद घेतलं. तेव्हा चर्चा बदलीने आलेल्यांची झाली: कॅन्सस स्टेटचा विल हॉवर्ड, अलाबामाचा केलेब डाउन्स, ओल मिसचा क्विन्शॉन जडकिन्स. पण पाया 2021 च्या क्लासचा होता. एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन, जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआउ हे सगळे एनएफएलमध्ये जाऊ शकत असताना चौथ्या वर्षासाठी थांबले. पोर्टलने तीन-चार भोकं बुजवली. भिंत आधीपासून उभी होती.

फ्लोरिडा स्टेटचं उलट झालं. 2023 चा नियमित सीझन आणि कॉन्फरन्सची फायनल मिळून 13-0, तरी प्लेऑफमधून वगळले गेले. तो गट एनएफएलकडे निघून गेल्यावर क्वार्टरबॅकपासून सगळीकडे पुन्हा पोर्टलवर भिस्त ठेवली, आणि 2024 मध्ये 2-10. एक वर्ष जमलेली खरेदी दुसऱ्या वर्षी जमेलच असं नसतं, आणि खाली वाढत असलेली मुलं नसली की पडायला तळ राहत नाही.

तुम्ही म्हणाल, मग इंडियानाचं काय? रास्त प्रश्न आहे. 2023 मध्ये 3-9 असलेली टीम कर्ट सिग्नेटीने 2024 मध्ये 11-2 वर नेली, आणि पुढच्या सीझनमध्ये 16-0 करून मायामीविरुद्ध 27-21 असं विजेतेपद घेतलं, तेही कॅल विद्यापीठातून बदलीने आलेल्या फर्नांडो मेंडोझाला क्वार्टरबॅक ठेवून. हायस्कूलमध्येच चार आणि पाच स्टारचा दर्जा मिळालेल्या मुलांची गर्दी तिथे नव्हती. पण सिग्नेटीने कोण घेतले ते बघा. जेम्स मॅडिसनहून तो डझनाहून जास्त खेळाडू सोबत घेऊन आला, म्हणजे स्वतः घडवलेले, त्याची पद्धत पाठ असलेले. बाकीचे निवडताना त्याने हायस्कूलचे स्टार पाहिले नाहीत, कॉलेजच्या सामन्यांतली प्रत्यक्ष कामगिरी पाहिली. मग त्यातले महत्त्वाचे दुसऱ्या वर्षी राखले. बदलीने आलेल्यांनाही त्याने टिकवलं, हा त्यातला कळीचा भाग आहे, आणि नक्कल करणारे नेमका तोच विसरतात.

नुसतं टिकवूनही भागत नाही, हेही सांगायला हवं. क्लेम्सनने वर्षानुवर्षं पोर्टलला जवळजवळ हात लावला नाही. 2025 ला अनुभवी टीम घेऊन, सीझनआधीच्या एपी क्रमवारीत चौथे असताना उतरले आणि 7-6 वर थांबले. खाली मुलं वाढत असतानाही जी भोकं उरतात ती बाहेरूनच भरावी लागतात. माझा सरळ कौल असा: दरवर्षी हायस्कूलमधून सोळा ते वीस, त्यात लाइनचे निदान चार, पोर्टलमधून आठ ते बारा, आणि तेही इतरत्र दोन सीझन खेळलेले. याच्या दुप्पट बदल्या दोन वर्षं सलग दिसल्या की मी त्या प्रोग्रामबद्दल साशंक होतो.

आता पैसा. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. मोठ्या कॉन्फरन्समध्ये यातला साधारण तीन चतुर्थांश फुटबॉलकडे जातो, म्हणजे दीड कोटीच्या आसपास. याशिवाय बाहेरच्या कंपन्यांशी आणि कलेक्टिव्हशी (चाहत्यांच्या पैशांतून खेळाडूंना मोबदला देणारे गट) होणारे करार. 600 डॉलर किंवा जास्त रकमेचा प्रत्येक करार डेलॉइटच्या 'एनआयएल गो' (एनआयएल म्हणजे खेळाडूचं नाव आणि प्रतिमा) यंत्रणेत नोंदवावा लागतो आणि तो खऱ्या धंद्यासाठी आहे का, रक्कम वाजवी आहे का, हे तपासलं जातं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियन पंटरना, यातलं बरंचसं घेताच येत नाही. का ते आपल्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको.

त्या दीड कोटीचं काय करतात यावर सगळं ठरतं. चांगले प्रोग्राम डिसेंबर सुरू होण्याआधी, खिडकी उघडण्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या पंचवीस-तीस महत्त्वाच्या खेळाडूंशी पुढच्या वर्षाचे आकडे बोलून ठेवतात. ढिसाळ प्रोग्राम बाहेरच्या नावासाठी पैसे राखून ठेवतात. मग घरचा गार्ड नाराज होतो, निघून जातो, आणि त्याच्यापेक्षा कच्चा गार्ड जास्त पैशांत आणावा लागतो. क्वार्टरबॅकच्या बाबतीत तुमचं दुःख मोठं आहे, पण खेळतो एकच. चौघांना रिक्रूट केलं तर दोघे-तिघे जाणारच. ज्याच्यापुढे अनुभवी लाइन दिसत नाही तो जातो, याला मात्र कोच जबाबदार.

बायआउटबद्दल अंदाज बांधू नका, कागद मागवा. सरकारी विद्यापीठाच्या कोचचा करार बहुतेक राज्यांत माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली मिळतो. लेखी अर्ज करावा लागतो, इतकंच. त्यात तीन कलमं शोधा: उरलेल्या पगाराचा किती टक्का हमीने द्यायचा, तो एकरकमी की हप्त्याने, आणि कोचने दुसरी नोकरी धरली तर ती कमाई वजा होते का. तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं. जिम्बो फिशरला टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलं तेव्हा देणं 7 कोटी 60 लाख डॉलरच्या वर होतं आणि वजावटीची तरतूद नव्हती. पेन स्टेटने ऑक्टोबर 2025 मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं तेव्हा आकडा 4 कोटी 90 लाखांच्या घरात होता, पण त्याला व्हर्जिनिया टेकची नोकरी मिळाल्यावर तो 90 लाखांवर मिटला. तुमच्या विद्यापीठाने कोणतं कलम लिहून दिलं हे पाहिलंत, की राग कोचऐवजी करार करणाऱ्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडे वळवायचा की नाही ते कळेल. खेळ विभाग एनसीएएला दरवर्षी जो आर्थिक अहवाल देतो तोही मागवा. त्यात 'सेव्हरन्स' (काढलेल्यांना दिलेले पैसे), विद्यार्थी फी आणि विद्यापीठाचं थेट अनुदान हे तीन रकाने वाचा. नाइट-न्यूहाउसच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये सरकारी विद्यापीठांचे हे आकडे वर्षवार मिळतात.

देणगीचं उत्तर यावरूनच येतं. तिकिटाच्या जागेसाठी जी 'देणगी' घेतात तिच्यावर 2018 पासून करसवलत नाही. पूर्वी 80 टक्क्यांपर्यंत मिळायची. कलेक्टिव्हला दिलेले पैसे धर्मादाय धरण्याआधी तुमच्या सीपीएला (कर सल्लागाराला) विचारा, कारण आयआरएसने (अमेरिकेचं कर खातं) जून 2023 मध्येच बऱ्याच कलेक्टिव्हना ही सूट बसत नाही असं मत दिलं आहे. एक सावधगिरी आणखी: देणगी दिलीत की नियमांच्या दृष्टीने तुम्ही बूस्टर (खेळाडूंशी संपर्कावर बंधनं असलेला समर्थक), आणि ते कायमचे. हायस्कूलच्या मुलाला किंवा पोर्टलमधल्या खेळाडूला 'आमच्याकडे ये, मी बघतो' असा मेसेज करू नका. काही विचारायचं असेल तर विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन) ऑफिसला फोन करा. गेलेल्या मुलांना शिव्या देणारे मेसेजही नकोत. एकोणीस वर्षांची पोरं आहेत, आणि पुढच्या वर्षी येऊ पाहणारा खेळाडू ते वाचत असतो.

तुमच्या जागी असतो तर मी तिकीट ठेवलं असतं आणि जादा देणगी वर्षभर थांबवली असती. डेव्हलपमेंट ऑफिसचा (देणग्या जमवणारा विभाग) माणूस फोन करेल तेव्हा त्याला विचारा: 2023 च्या क्लासमधले किती जण उरलेत, आणि लाइनच्या पाचपैकी किती जणांशी पुढच्या वर्षाचं बोलणं झालं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे कागदावर तयार असेलच. रोस्टरची यादी इथे टाकलीत तर कोणत्या जागा पोकळ आहेत ते मी बघून सांगेन.